चांगलं नेट

जाफराबादच्या स्टँडवर मी जालन्याच्या गाडीची वाट पाहत होतो. माझ्या मागच्या बाकावर एक फेटेवाले म्हातारे मोबाईलवर गेम खेळत होते. शेजारच्या कॉलेजच्या मुलीला राहवलं नाही.

"काका, तुमचा गेम अडकलाय. द्या इकडं, माझं नेट जोडून देते."

"माझ्या लेकीच्या, रेणुकाच्या कंपनीचा हाय. पुण्यात असती. लिंक दाबली की डेमो चालू, उतरवून घ्यायचं कामच न्हाई."

"सगळं नेटवरून येतं, म्हणून रेंज चांगली लागती. हं, बघा आता."

"अरे वा! घोडा कसा बराबर पळून राह्यलाय."

"रोज खेळता?"

"तिची आई गेल्यापासून रोज."

"घरी तर लई अडकत असंल."

"लई. अडकला की तिकडं तिला दिसतं. मंग तिचा फोन येतो. बाबा, चित्र थांबलं का आवाज गेला? चांगली धा मिनिटं बोलती."

"मंग तुम्हीच लावत जा की फोन."

"लावतो. ती मीटिंगमधी असती. कामाचं असलं की मातर जल्दी फोन करती."

"आन् गेम नीट चालला तर?"

"तर कशाला करंल?"

मोबाईलमधून घोड्याच्या टापा एकसारख्या वाजत होत्या.

"पोरी, तुझं नेट काढून घेती का?"

"घेतलं, काका."

"हां. अडकला."

जालन्याची गाडी फलाटाला लागली.

"काका, चला. गाडी आली."

"तू हो म्होरं. गाडीत आवाज येत न्हाई फोनचा."