आधी मते, मग पंगत

जबाब, दि. २९/९/१९९३

मी झुंबरबाई जीवराम महाजन, वय ५४ वर्षे, धंदा शेती, राहणार धरणगाव, जि. जळगाव. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, गिरणामाय जिनिंग-प्रेसिंग कंपनीची मी भागधारक आहे. कंपनी आम्हा शेतकऱ्यांच्या शेअरवर उभी राहिली. मोतीलालशेट तिचे अध्यक्ष आहेत, मालक नाहीत. हे वाक्य असेच्या असे लिहून घ्यावे.

कंपनीची वार्षिक सभा कारखान्याच्या आवारात होते. सभेला वांग्याचे भरीत आणि पुऱ्यांचे जेवण असते. अवघड विषय शेट दरवर्षी शेवटी ठेवतात. तेवढ्यात आचारी भाईदास पंगतीची हाक देतो, माणसे उठतात, आणि त्या गडबडीत ठराव मंजूर होऊन जातो.

काल शेवटचा विषय होता कारखान्याचे आवार विकण्याचा. घेणारे शेटांचे जावई. आवार गेले की आमचा कापूस उतरवायला जागा नाही, म्हणजे कारखाना बंदच. माझे डोके फिरले. हाक व्हायच्या आत मी चुलीपाशी गेले आणि भरिताच्या पातेल्याच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिले. मी पातेल्यावर बसले, असे शेटांच्या फिर्यादीत लिहिले आहे, ते साफ खोटे आहे. तापल्या पातेल्यावर कोण बसेल?

भाईदासला मी धक्का दिला नाही. तो आपणहून झारा ठेवून बाजूला झाला. शेट आले नि म्हणाले, अक्का, लोक भुकेले आहेत, पाप लागेल. मी म्हणाले,

"नाना, हाऊ कारखाना बठ्ठासना शे, तुमना जवाईना नही. पहिले मतं ल्या, मंग जेवाले बसू."

काय चालले ते बघायला उठलेली माणसे, कारखाना सगळ्यांचा हे ऐकून, परत सतरंजीवर जाऊन बसली. विक्रीच्या बाजूने शेटांच्या घरच्यांचे हात वर झाले. विरोधात सगळा मांडव. ठराव पडला. मग मी झाकण काढले आणि पहिले ताट शेटांनाच वाढले. ते जेवले नाहीत.

उपाशी माणसांची मते खरी नव्हेत, सभा पुन्हा घ्यावी, असे शेटांचे म्हणणे असल्याचे मला इथे कळले. खुशाल घ्या. आम्ही घरून भाकरी बांधून येऊ.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "रागाच्या भरात" असे होते, ते मी खोडायला लावले. राग होताच, पण केले ते विचार करून. बाकी सगळे मी सांगितले तसेच उतरले आहे आणि खरे आहे.