बाबांचा स्वस्तातला तराजू

...आणि वर मलाच म्हणतात, घाबरट! अहो, आहेच मी घाबरट, नाही कोण म्हणतंय? टोस्टरमधून पाव उडाला की मी पावापेक्षा वर उडते, फोन वाजला की आधी तो हातातून पडतो आणि मग उचलला जातो. पण म्हणून काय मी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं? ज्या बापाच्या गालाला बंदूक टेकणार, त्या गालाच्या बोटभर वर डोळा आहे, आणि त्या डोळ्याची काळजी लेकीनं करायची नाही तर कुणी करायची... बंदुकांच्या दुकानातल्या ड्वेननं?

तर तुम्हाला सांगते, आमच्या बाबांकडे त्यांच्या आजोबांची बंदूक आहे. आमच्या मॉन्टानात ती घरोघरी असते, त्यात काही नवल नाही, पण हिची काडतुसं आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. मग काय करायचं? उडवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी गवतातून वेचून आणायची, घासायची, यंत्रात दाबून सरळ करायची, आत नवी दारू मोजून घालायची आणि वर गोळी ठोकून बसवायची. ‘मोजून’ हा शब्द तेवढा धरून ठेवा. दारू कमी पडली तर समोरचं एल्क हरीण आपल्याकडे बघत बघत चरत राहतं. जास्त पडली तर बंदूकच गालापाशी... नको, माझ्या तोंडून नको!

आता झालं काय, बाबांचं जुनं दाबायचं यंत्र गंजून अडकलं, आणि जुना काट्याचा तराजू चांगला होता पण त्याच्यावरची रेघ बाबांना दिसेना, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. म्हणजे दोन्ही वस्तू नव्या घ्यायच्या. मी कॉलेजात शिकलेली मुलगी, चार रात्री जागून सगळ्यांचे अभिप्राय वाचले. अर्धे म्हणतात महागातलं घ्या नाहीतर मराल, अर्धे म्हणतात स्वस्तातलं घ्या, मी अजून जिवंत आहे. जे मेले त्यांचे अभिप्राय कुठे असतात हो? हा विचार आला आणि मी लॅपटॉपच मिटला!

दुकानात ड्वेननं काउंटरवर कोपर टेकून बाबांना सांगितलं, “अर्लन, यंत्र साधं घे. लोखंडाचा दांडा आहे तो, कुठलाही दाबतो. पैसा घालायचा तर तराजूत घाल.” पण बाबांची नजर कुठे? त्या हिरव्यागार, चकचकीत, वासराएवढ्या वजनदार यंत्रावर! त्याच्या मुठीवरून असा हात फिरवला... लग्नाच्या फोटोत आईचा हातसुद्धा त्यांनी इतक्या प्रेमानं धरलेला दिसत नाही. म्हणाले, “हे नातवंडांपर्यंत टिकेल,” आणि माझ्याकडे बघितलं. नातवंडांचा पत्ता नाही, यंत्र तयार! सगळे पैसे त्यात गेले. आणि तराजू? सवलतीच्या टोपलीतला, प्लास्टिकचा, साबणाच्या वडीएवढा, वरचं झाकण वाकडं.

मी म्हटलं, “बाबा, अहो, तराजू तरी चांगला घ्या.”

“अगं मॅरिट, तराजू म्हणजे तराजू! वजन दाखवतो, आणखी काय करणार, गाणं म्हणणार?”

मग घरी माणसं यायला लागली. गॅरेजमध्ये कॉफी, दालचिनीचे रोल, सगळे यंत्राची मूठ वरखाली करून बघतायत, “वा अर्लन, काय वस्तू आहे!” तराजूकडे एकानं बघितलं नाही. बघणार कसं, तो चिंध्यांखाली होता.

एक दिवस बाबा बाहेर गेले तशी मी गॅरेजमध्ये शिरले. हीटर घरघरत होता, त्याला दचकले ते वेगळं. पंचवीस सेंटचं एक नाणं तराजूवर ठेवलं, आकडा बघितला. उचललं, परत ठेवलं... दुसराच आकडा! परत ठेवलं, तिसराच! आणि गंमत म्हणजे नाणं तसंच राहू दिलं आणि हीटरचा झोत आला तर आकडा आपोआप चालायला लागला, जणू नाण्याला पाय फुटलेत. आणि यावर मोजून बाबांनी शिकारीच्या मोसमाची सगळी काडतुसं भरून डब्यात लावलेली!

सांगितलं तर म्हणतात काय, “तुझा हात थरथरतोय, पोरी.”

“बाबा, मी हात लावलेलाच नव्हता.”

“मग श्वास लागला असेल. टोस्टरला घाबरणाऱ्या माणसानं तराजू तपासू नये. तराजू म्हणजे तराजू!”

सांगा ना! जन्मभर उगाच घाबरत आले, आता खरं घाबरायचं कारण मिळालं तर पत कुणापाशी उरलीय?

तुम्हाला सांगते, मला झोप लागेना. डोळा मिटला की बाबांचा डोळा दिसायचा. आणि रविवारी चर्चहून आलो, हॅट काढायच्या आधी बाबा बंदूक घेऊन मागच्या कुंपणाकडे निघाले, नेम तपासायला. डबा काखेत. मी धावले. कशी धावले कुणास ठाऊक, चर्चच्या बुटांत, चिखलातून! आणि तोंडातून निघालं काय, तर, “बाबा, पहिला बार मी काढते.”

बाबा हसले. “तू? शेजारी कुणी दार आपटलं तर टेबलाखाली जातेस तू!”

“द्या इकडे. तराजू म्हणजे तराजू ना? मग मला काय होतंय?”

घेतली मी बंदूक. बाबांच्या हातानं भरलेलं काडतूस तिच्यात होतं. गाल टेकवला. लाकूड गार लागलं. नेमाला ठेवलेली बादली नळीच्या टोकाशी एकदा गाईत जायची, एकदा डोंगरात... आणि मागून बाबा दोन पावलं पुढे आले. हसू थांबलेलं.

“खाली ठेव.”

“का? तुम्हाला चालतं, मला का नाही?”

“खाली ठेव म्हणतो ना, मॅरिट.” आवाज इतका हळू, की त्यालाच मी जास्त दचकले.

गॅरेजमध्ये जाऊन बाबांनी तो हातोडा काढला, काडतूस आत अडकवून फरशीवर आपटायचा, म्हणजे गोळी सुटून येते. एक त्यांनी, एक मी. धाड! मी उडते. धाड! परत उडते. स्वतःच आपटतेय आणि स्वतःच दचकतेय, असं कधी पाहिलंत? संध्याकाळपर्यंत डबा रिकामा. दर काडतुसाची दारू कागदाच्या वेगळ्या पुडीत बांधून ड्वेनकडे नेली, त्याच्या चांगल्या तराजूवर घालून बघितली. बऱ्याच पुड्या ठीक होत्या. मग एक पुडी टाकली आणि ड्वेन, जो सदा शीळ घालत असतो ना, त्याची शीळ थांबली. त्यानं भलत्याच पुढे गेलेल्या आकड्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा आपल्या टोपीची कड बघत होते. म्हणाले, “तो महागातला दे.”

आला एकदाचा महागातला तराजू! आता बाबा त्याच्यावर काहीही मोजतात, कॉफी, खिळे, पोस्टाचं तिकीट. मीही दोन दिवस निवांत झोपले. आणि काल... काल फोन वाजला, पडला, उचलला. बाबा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवून आलेत. आमच्या गावच्या डॉक्टरकडे नाही हो! डोंगरापलीकडे कुणीतरी आहे, निम्म्या पैशांत करतो, दुसऱ्या डोळ्यावर सूटसुद्धा देतो.

मी म्हटलं, “बाबा, अहो, डोळा आहे तो...”

पलीकडून आवाज कसा, तर अगदी खूश:

“अगं मॅरिट, डॉक्टर म्हणजे डॉक्टर!”

...आता तुम्हीच सांगा, पहिलं ऑपरेशन मी करून घेऊ का?