लतिकाताईंना सल्लागार करू नका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय प्रल्हादकाका, व्यासपीठावरचे पाहुणे, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीची आपली रविवारची मराठी शाळा नऊ वर्षं चालवून आज निरोप घेणाऱ्या मुख्याध्यापिका लतिकाताई, सहशिक्षक, पालक आणि समोशांवर लक्ष ठेवून बसलेल्या बालमित्रांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. घरी घड्याळ लावून वाचलं तर नऊ झाली, म्हणून स्तुती कापली. ताई, माफ करा.

शिक्षक आला नाही की ताई स्वतः वर्गावर जायच्या, याचं कौतुक आत्ता सगळ्यांनी केलं. पण शिक्षक का येत नव्हते, हे कोणी सांगितलं का? मी सांगते. गेल्या वर्षी अकरा रविवारी सकाळी मी 'आज जमत नाहीये' असा फोन केला. त्यातली चार कारणं खरी होती. ताईंचं उत्तर ठरलेलं, "नो प्रॉब्लेम, मी मॅनेज करते."

मार्चमध्ये एकदा मी उशिरा पोचले, तर ताई पार्किंग लॉटमध्ये गाडीतच बसलेल्या.

"ताई, बरं नाही का?"

"बरी आहे गं. आत गेले की सहा जण सहा प्रश्न विचारतील. दहा मिनिटं कोणी काही विचारू नका, यार."

आणि मी काय विचारावं? "वर्कशीट्स प्रिंट झाल्या का?"

ताई हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला.

आता ताईंना द्यायच्या या मानपत्राबद्दल. यात शेवटी एक ओळ होती, 'ताई आजपासून शाळेच्या आजीव सल्लागार.' ती मीच लिहिली. पुढच्या रविवारपासून मुख्याध्यापिका मी आहे. अडलं की ताई असतील, एवढाच त्यातला सन्मान. काल त्यांना वाचून दाखवली. "छान आहे," म्हणाल्या. त्यांचा तो आवाज मी अकरा वेळा ऐकला आहे.

प्रल्हादकाका, आपल्याला न विचारता ती ओळ मी काढून टाकली आहे. असं बघू नका काका, फ्रेम तीच आहे. बदली शिक्षकांची यादी दाराशी लावली आहे. पहिलं नाव माझं आहे, खालच्या ओळी रिकाम्या आहेत.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. शाळेचं काहीही विचारायचं असेल तर फोन मला करा. ताईंना केलात तर त्या उचलतील, म्हणून सांगते.