अर्टिकेसी कुळातलं माझं नाव

नाही, जुनी चिठ्ठी काढायची नाही – नखानं उचकटू नका, आमच्या वनस्पती-संग्रहालयात ती पद्धत नाही. वाळलेल्या झाडाचं नाव चुकलं, कूळ बदललं, काही झालं तरी जुनी चिठ्ठी तशीच ठेवायची आणि नवी तिच्याखाली डिंकानं चिकटवायची – आधीचा शहाणा कुठे चुकला ते सगळ्यांना दिसायला नको? ही बघा रुई. स्वतःच्या कुळात चांगली नांदत होती, कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि तिची रवानगी झाली कण्हेरीच्या घरी, अ‍ॅपोसायनेसीत. रुईला विचारलं कुणी? ती उकिरड्यावर होती तिथेच आहे, पळापळ आमची. घ्या, डिंकाची बाटली आजच भरलीय – मोठ्या विद्यापीठातून नावं दुरुस्त करायला आलायत, तुम्हाला लागेलच.

आमच्या माजी प्रमुखांच्या नावाचं एक गवत होतं. ते आणि दुसरं एक गवत एकच निघालं, नियमानं जुनं नाव राहिलं, साहेबांचं गेलं – तोंड बघण्यासारखं झालं होतं, आठवडाभर हसलो आम्ही. स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही ना आमच्यात, दुसऱ्यानं द्यावं लागतं, मग लोक चहा पाजत फिरतात. मी नाही कुणाला पाजला. मला बायकोनं दिलं. तीही इथलीच, त्या खिडकीशी बसायची. डोंगरावर तिला एक नवं झुडूप सापडलं – अर्टिकेसी, हात लावला की आग आग करणारं कूळ. आदल्या दिवशी भांडलो होतो आम्ही, तर माझ्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून दिलं ठेवून त्याला. शोभतं तुम्हाला, म्हणाली. पुढच्या वर्षी आजारपणात गेली. कपडे मुलीनं वाटून टाकले, बरंच केलं. तिच्या हातचं हे तेवढं राहिलं. – असो. तुम्हाला कुठलं कपाट उघडून देऊ?

अर्टिकेसी?

– म्हणजे हिचं झुडूप नवं नव्हतंच म्हणता, आधीच कुणी नाव दिलेलं. पानावरच्या केसांवरून? आणा इकडे भिंग... हं. त्या जुन्याच झुडपासारखे आहेत खरे. अगदी तेच. काम चोख आहे तुमचं, नाही म्हणत नाही मी – पण चिठ्ठी आज नाही लावता येणार. डिंक संपलाय. बाटलीकडे काय बघताय, संपलाय म्हटलं ना. उद्या – नको, उद्याही नको. जाताना दार लोटून घ्या.