बंदूक मी उघडून बघितली नव्हती

मी जबाब देणारी, वय ४७ वर्षे, धंदा घरी शिवणकाम, गल्लीत ‘मशीनवाली’ म्हणून ओळख, राहणार पाण्याच्या टाकीमागे, तिसरं घर. आज सकाळी दहा वाजता आपण होऊन ठाण्यात आले आहे आणि समोर बसून सांगते ते असं:

माझा नवरा बँकेच्या गाडीवर बंदूकधारी रखवालदार आहे. काल संध्याकाळी त्यांनी याच टेबलावर जबाब दिला. बंदूक बघायला मी विसरलो, बायको तेव्हा बाजारात गेली होती, असं त्यात लिहिलं आहे. मी घरीच होते. बावीस वर्षांच्या संसारात ते माझ्याशी खोटं बोलले नाहीत, काल माझ्यासाठी बोलले.

बंदूक त्यांच्या नावावर आहे, दोन नळ्यांची, परवाना चालू आहे. काम संपलं की डेपोत वाळूच्या पिंपापाशी ती रिकामी करतात आणि मग घरी आणतात. घरी पुन्हा बघायची पद्धत माझ्या नणंदेने घातली. वन्सं वयाने ५२, बसच्या तिकीट खिडकीवर नोकरीला, लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहत. बंदूक मधून मोडून उघडायची आणि दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. बघायचं ते वन्संनी नाहीतर मी, आणि मोठ्याने ‘बघितलं’ म्हणायचं. त्यानंतर आतल्या स्प्रिंगवर ताण राहू नये म्हणून नवरा बंदूक बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे धरून दोन्ही चाप ओढत, आणि ती कपाटात कुलपात जाई. काडतुसांच्या डब्याची किल्ली वन्संकडे असे. नवरा त्यांना ‘फौजदारीण’ म्हणत. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

माझं आणि वन्संचं पटत नव्हतं असं शेजारी सांगतील. ते खरं आहे. मशीनची खडखड त्यांच्या डोक्यात जायची, आणि त्यांचं दर गोष्टीत ‘झालं का, केलंस का’ विचारणं माझ्या. गॅस बंद केलास का, कडी लावलीस का. लहान पोरीला विचारावं तसं विचारायच्या.

काल त्यांना ताप होता म्हणून त्या रजेवर होत्या. आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मशीन एरवी त्याच खोलीत असतं. त्यांना झोप लागावी म्हणून मी ते सकाळी ओढत बाहेरच्या खोलीत आणलं आणि विटांच्या भिंतीला लावून बसले. एका ग्राहक बाईंचे चार ब्लाउज संध्याकाळी द्यायचे होते.

साडेतीनला नवरा आले. गाडी वाटेत गरम झाली होती, त्यामुळे ड्रायव्हरने डेपोत न नेता कोपऱ्यावरच सोडलं, असं ते म्हणाले. म्हणजे वाळूच्या पिंपापाशी बंदूक उघडलीच नव्हती. हे मला तेव्हा सुचलं नाही. बंदूक टेबलावर ठेवून ते म्हणाले, ‘‘बघून ठेव गं, पाय धुऊन येतो.’’ मी मान हलवली. माझ्या तोंडात टाचण्या होत्या आणि बाही उलटी लागली होती, ती उसवत होते.

तेवढ्यात आतून वन्सं म्हणाल्या, ‘‘बंदूक बघितलीस का गं?’’

मला राग आला. टाचण्या काढून मी म्हणाले, ‘‘बघितली हो वन्सं. झोपा आता.’’

मी बघितली नव्हती. जागेवरून उठलेही नव्हते.

नवरा पाय धुऊन फोन कानाला लावून बाहेरच्या खोलीत आले, ड्रायव्हरशी गाडीबद्दल बोलत होते. माझा आवाज त्यांनी ऐकला होता. बंदूक उचलली. विटांच्या भिंतीपाशी मी बसले होते. माझ्याकडे नळीचं तोंड नको म्हणून ते दुसऱ्या बाजूला वळले. तिकडे दोन खोल्यांमधलं पार्टिशन आहे, प्लायवूडचं. त्याला रंग दिल्यापासून आम्ही भिंतच म्हणत आलो. त्यांनी चाप ओढला आणि बार झाला. वेळ पावणेचार.

मी आत गेले. वन्सं पार्टिशनकडे पाठ करून कुशीवर होत्या. मी हाक मारली. तापासाठी कपाळावर ठेवलेली ओल्या फडक्याची घडी खाली पडली होती, ती उचलून पुन्हा ठेवली. का ठेवली ते सांगता येत नाही. दवाखान्यात चार वीसला डॉक्टरांनी वन्सं गेल्याचं आम्हाला सांगितलं.

नवरा विसरले नाहीत. ते माझ्या शब्दावर विसंबले. त्यांनी स्वतः उघडायला हवी होती, हे त्यांना कळतं, तुम्ही वेगळं सांगायची गरज नाही. पण सगळं त्यांच्या एकट्याच्या अंगावर घालू नका. रात्रभर ते आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होते आणि मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

हे लिहिलं तर माझ्यावरही येऊ शकतं, असं मला समजावून सांगितलं आहे. समजलं आहे. लिहा.

जबाब मला वाचून दाखवला. बाई, बरोबर आहे ना, सही करा, असं लिहून घेणारे साहेब म्हणाले. मी नुसतं ऐकून सही केली नाही. कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः बघितला. मी सांगितलं तसाच आहे.