स्वयंपाकघरातला दुसरा रिमोट

—अगं, फुशारकी म्हणून सांगत नाही, पण टीव्हीच्या वायरी माझ्यासारख्या गायब करणारा दुसरा माणूस या अख्ख्या शहरात नाही. म्हणजे एक आहे, त्याला मीच शिकवलं, आणि आता दुकानवाला पहिला फोन त्यालाच लावतो. आजही त्यालाच लावला होता. मी म्हटलं, बाबा रे, हा पत्ता माझ्या लेकीचा, तू घरी जाऊन झोप, ड्रिल इकडे दे. तेव्हा दारात अशी आडवी उभी राहू नकोस. तू कारागीर मागवलास, कारागीर आलाय. बाप आलाय असं समजूच नकोस. बापाला चार महिने या घराची बंदी आहे, हेडबाईंचा, म्हणजे तुझा हुकूम आहे, तो मला पाठ आहे. कुठाय तुझी आई? बागेत? जावईबापू फिरवायला घेऊन गेलेत? बरे आहेत गं जावईबापू, माझ्या थट्टेला तीन दिवसांनी हसतात, पण हसतात. किती वेळ, तासभर? मग झालंच. तासाभरात काम उरकतो आणि ती यायच्या आत जिन्यावरून खाली. शपथ घेतो. माझ्या शपथेची काय पत आहे ते तुला ठाऊक आहे, तरी ठेव जवळ.

बस, तू त्या खुर्चीवर बस, नजर ठेवायची तर आरामात ठेव. हा तिचा पलंग — खिडकीकडे उशी? घरी भिंतीकडे तोंड करून झोपायची, उजेड नको म्हणायची. इथे चालतो का उजेड? चालतो. बरं. आणि या तिच्या सपाता, नव्या घेतल्यास, मागे पट्टा असलेल्या, म्हणजे पायातून निसटायला नको — हे माझ्या डोक्यात आलं नसतं, खरं सांगतो. मी तिच्या जुन्या सपातांना एकदा आतून चिकटपट्टी लावली होती, तिचा पाय निघेना आणि माझा श्वास निघेना हसून. बरं, ते जाऊ दे. आधी भिंत वाजवून बघू. इथे भरीव. इथेही भरीव. इथे — ऐकलंस? — इथे पोकळ, कोणीतरी आधी वायरीसाठी झिरी मारून नुसती पुट्टी फासलीय, कामचोर साला. टीव्ही या उंचीवर. पलंगावर टेकून बसली की मान वर करायला लागता कामा नये, तिची मान दुखते, तुला सांगायला नको.

आता तुझं म्हणणं, सगळं लपलं पाहिजे. एक वायर दिसायला नको, सेट-टॉप बॉक्ससुद्धा कपाटात, कारण तिचा हात जातो. ऐकलं मी, मान हलवली मी, पण तसं करणार नाही. का ते ऐक, मग ओरड. बॉक्स कपाटात कोंडला की रिमोटला तो दिसत नाही. मग टीव्हीखाली एक डोळा चिकटवायचा, हरभऱ्याएवढा, त्याची केसासारखी वायर बॉक्सपर्यंत न्यायची. रिमोट डोळ्याला दाखवायचा, डोळा बॉक्सला सांगणार. गिऱ्हाईक खूश, पाहुणे भिंत चाचपून बघतात. तर तो डोळा आज मी आणलेलाच नाही. विसरलो. — बरं, विसरलो नाही, मुद्दाम घरी ठेवून आलो. बॉक्स इथे या फळीवर, तिच्या समोर, हिरवा दिवा तिला दिसेल असा. विजेची वायर तेवढी पाइपातून भिंतीत घालतो, तिथे हात जायला नको हे मलाही कळतं, मी सातवीत तीनदा बसलो असेन पण वीज मला चौथीपासून कळते. बाकीचं सगळं उघड्यावर. रिमोट एकच. दुसरा नाही, कुठेच नाही, माझे खिसे बघायचे तर बघ.

तुला त्या दुसऱ्या रिमोटचा किस्सा पुरता माहीत नाही. तू सासरी गेलीस आणि पुढच्याच महिन्यात मी आपल्या घरी टीव्ही भिंतीवर चढवला. बॉक्स स्वयंपाकघरातल्या कपाटात, टीव्ही बाहेरच्या खोलीत, त्याखाली तसाच डोळा, मध्ये एक भिंत आणि भिंतीत पाइप. पाइपाची रेघ मारायला दोरीचं एक टोक तुझ्या आईनंच धरलं होतं; सरळ धर म्हटलं तर म्हणाली, तुम्ही आधी सरळ उभे राहा. आणि मी दुसरा रिमोट आणला. पहिल्याच दिवशी मालिकेतली सून सासूला तोंडावर काहीतरी सुनावणार, तुझी आई पुढे सरकून बसलेली, तेवढ्यात मी स्वयंपाकघरातून बटण दाबलं आणि पडद्यावर मगर. आतून मी कान लावून बसलोय. ती काय म्हणाली असेल? काही घाबरली वगैरे नाही. म्हणाली, "कळलं. बाहेर या." बस, एवढंच. अकरा वर्षांत ती एकदाही फसली नाही गं. कळलं, बाहेर या. मग रिमोट जप्त, आणि जप्त केलेला रिमोट ती अशा ठिकाणी लपवायची की मी दोन-दोन दिवस शोधायचो. मी वायरी लपवणार, ती रिमोट लपवणार — एकदा तो माझ्याच डब्यात निघाला, गिऱ्हाइकाच्या घरी, चार माणसांत, पोळ्यांच्या खाली. मी तिथेच बसून इतका हसलो की त्यांनी मला पाणी दिलं.

म्हणून — हे नीट ऐक, ड्रिल खाली ठेवतो — म्हणून मागल्या वर्षी माझी लेव्हल, ती पिवळी, आत बुडबुडा असलेली, पिठाच्या डब्यात सापडली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, वा बाईसाहेब, आता रिमोटवर भागेना वाटतं. मग चष्मा फ्रीजमध्ये. मग माझ्या चपला वॉशिंग मशीनमध्ये, स्वच्छ धुऊन निघालेल्या. दर खेपेला मी लोळून हसलो, गल्लीत सांगत फिरलो की या वयात आमच्या बाईला रंग चढलाय. आणि ती? तीही हसायची की. पण आधी माझ्याकडे बघायची. मी हसलो की मग ती हसायची. हे मला आता दिसतं. तेव्हा वाटायचं, काय चेहरा कोरा ठेवते, मला चाळीस वर्षांत जमलं नाही. एकदा हात पुसता पुसता तिनं विचारलं, "अहो, हे मीच ठेवलं का?" आता कोणी शहाणा माणूस काय म्हणाला असता? जवळ बसवलं असतं, डॉक्टरकडे नेलं असतं. मी म्हणालो, "छे, शेजारणीनं ठेवलं." ती दोन दिवस शेजारणीशी बोलली नाही. मी तेसुद्धा हसण्यावारी नेलं.

आणि मी काय गप्प बसणारा आहे का, मीही उत्तर द्यायचो. तिचा कंगवा पंख्याच्या पात्यावर. डब्यांची झाकणं अदलाबदल, साखरेच्या जागी मीठ. म्हणजे बघ हं, जी बाई रोज सकाळी उठून आठवत होती की काय कुठे असतं, तिच्या घरातली एकेक वस्तू मी रोज हलवत होतो. आठ महिने. गल्लीत कोणी मला चोर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

त्या दिवसाचं तुला माहीत आहे. भिंत, उलथनं, सगळं. तू आलीस तेव्हा तिच्या केसांत प्लॅस्टर होतं, ते तूच काढलंस. अर्ध्या वाटेपर्यंत खोदत आली होती ती, आणि कुठे? नेमकी पाइपाच्या रेघेवर, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. दोरी तिनंच धरली होती ना. उलथन्याचा पत्रा पाइपातून आत गेला, फट झालं, मेन स्विच पडला म्हणून वाचली. मेन स्विच मी चांगला घातला होता, तेवढं तरी माझ्या नावावर लिही. मी बटण दाबलं होतं, मगर नाही, कुठलीशी कुस्ती लागली, आणि बाहेरून काही आवाजच नाही. म्हटलं, आज बाईसाहेब हट्टाला पेटल्या, म्हणणार नाहीत बाहेर या. परत दाबलं. परत. मग खर्र खर्र ऐकू यायला लागलं. मला वाटलं काहीतरी नवीन शिजतंय, आज मी हरणार, आणि मला हसू आवरेना, टॉवेल तोंडात कोंबला तरी नाकातून —

काय झालं? अशी बघतेस काय.

हो. टॉवेल. कामावर कुठला आलाय टॉवेल. तुला मी सांगितलं होतं, दोन गल्ल्या सोडून एका गिऱ्हाइकाकडे होतो, फोन आला, धावत आलो. नव्हतो. भिंतीच्या या बाजूला ती खोदत होती आणि त्या बाजूला मी स्टुलावर बसून बटणं दाबत होतो, पाव तास, घड्याळात बघितला होता मी, कारण म्हटलं आज किती वेळ टिकते ते बघू. अंधार झाला तेव्हा बाहेर धावलो. ती जमिनीवर बसलेली. मी विचारलं, काय गं केलंस हे, का? तर म्हणाली, "आतून कोणीतरी हसत होतं." आणि मग माझ्याकडे वर बघून अगदी शांतपणे म्हणाली, "आज लवकर आलात कामावरून?" मी ते तसंच उचललं. तिनं विचारलं आणि मी हो म्हणालो, तू आलीस तेव्हा तुलाही तेच सांगितलं, डॉक्टरनाही तेच. मी कधी कोणाला खोटं सांगितलं नाही असं नाही, उलट रोजचा धंदा, पण त्यात शेवटी मीच सांगून टाकतो ना, हसतो ना. हे एकच तेवढं आत राहिलं. आणि तू तिला गाडीत घातलंस, दार लावलंस, म्हणालीस काही दिवस येऊ नका, ती बिथरते. मी म्हटलं, जेलरची जात. गल्लीत सांगितलं, पोरगी बायको पळवून घेऊन गेली. हसले लोक.

पाणी नको. पाणी नको गं, मी काही रडत नाही, प्लॅस्टरची धूळ आहे. — अजून भिंत फोडलीच नाही म्हणतेस. बरं, मग जुनी धूळ असेल.

हे बघ, मी काय म्हणतो. टीव्ही लावतो मी इथे, पण मनात वेगळं आहे, ते बोलून टाकतो, परत मला कोण आत घेणार. तिला कायमची परत दे म्हणत नाही, थोडे दिवस घरी दे म्हणतो. ये एकदा आणि घर बघ. मी सगळ्या वायरी बाहेर काढल्यात. सगळ्या. ज्या माणसानं शहरभर वायरी लपवल्या त्याच्या भिंतीवर वायरी अशा लोंबतात की पोस्टमन विचारतो, काका, धुणं वाळत घातलंय का. बॉक्स टीव्हीखाली टेबलावर. दुसरा रिमोट हातोडीनं फोडला, आवाज शेजारणीपर्यंत गेला, ती बोलते आता आमच्याशी. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलीय, काय आहे त्याची. माझ्या हातचं शुद्धलेखन, तुझी आई वाचून हसेल एखादवेळेस, ते हसू माझं नाही, तिचंच असेल. आणि कपाटाची दारं काढून टाकली, म्हणजे आतलं दिसतं. कंगवा जिथे असतो तिथेच असतो. चार महिने एक वस्तू हललेली नाही त्या घरात, मी खुर्चीसुद्धा सरकवत नाही, तिला तशीच सापडायला पाहिजे म्हणून. थट्टा तर — कोणाची करणार, कोण आहे. एक दिवस चपला स्वतःच मशीनमध्ये टाकून बघितल्या. हसू आलं नाही.

आठवड्यातून चार दिवस दे. दोन दे. तू सोबत ये, जावईबापूंना दारावर बसव, माझे खिसे तपासून आत सोड. मला एकदा तिला सांगायचंय, हसणारा मीच होतो, आत कोणी अडकलेलं नव्हतं. तिला वाटत असेल ना अजून, भिंतीत कोणीतरी आहे म्हणून? ते तिला कोण सांगणार, मी नाही तर? तिला बिचारीला माहीतच नाही की मी आत होतो. तू नेलीस म्हणून ती आली, तिला विचारलंस का कधी, घरी जायचं का? विचार की. आज आल्यावर विचार, मी जिन्यात उभा राहतो, शब्द काढणार नाही. ती हो म्हणेल, माझी पैज आहे. असं नको ना बघूस. बोल काहीतरी, हेडबाई. तू लहानपणी गप्प बसलीस की मला वाटायचं आता बुटात बेडूक सापडणार. बोल.

"बाबा, तुम्ही आत होतात हे आईनं मला त्याच दिवशी गाडीत सांगितलं. म्हणाली, ते आत हसत होते, हसू दे त्यांना, तू त्यांना काही बोलू नकोस. फक्त मला परत तिकडे नेऊ नकोस."