ह्यांनी काम सोडलं तेव्हा

लिहून घ्या ताई, माझं माहेर देवगडकडचं, पार आत, डोंगराच्या अंगाला. बाप दुसऱ्याच्या कलमांच्या बागेत राबायचा, आई पण, आणि आम्हा पोरींना नीट चालता यायला लागलं की डोक्यावर हंडा यायचा, त्यामुळे काम नको असं कोणी म्हणू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. ताप आला तरी आई म्हणायची, ऊठ, हातपाय हलव, उतरेल. उतरायचा पण. स्थळ आलं तेव्हा घरात एवढंच विचारलं, कामाला कसा आहे. म्हणाले, मुलुंडला कारखान्यात आहे, कधी खाडा नाय. झालं, दिली मला.

लग्न होऊन आले ती चाळीतल्या ह्याच खोलीत. सासरे, हे आणि मी, मग शोभा झाली. सासरे गिरणीत, आणि ह्यांचा कारखाना पंख्याची पाती बनवायचा. प्रेसच्या मशीनवर पत्रा सरकवायचा, खालच्या पेडलवर पाय मारायचा, पातं काढायचं, परत पत्रा. अठरा वर्षं केलं त्यांनी ते. सणाला पण ओव्हरटाइम. मी खूश होते, खोटं कशाला बोलू.

मग गिरण्यांचा संप झाला आणि सासऱ्यांची गिरणी बंद पडली ती पडलीच. तीस वर्षं राबलेला माणूस, काम द्या काम द्या करत घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत फिरायचा, वॉचमन पण आत सोडत नव्हते. आणि त्याच सुमारास एका सोमवारी हे चहा प्याले, डबा मी भरून ठेवलेला, आणि म्हणाले, मी आजपासून जाणार नाय.

मी म्हटलं, बरं नाय काय? म्हणाले, बरा आहे. शेठ बोलला काय? नाय बोलला. मग? म्हणाले, बाबांकडे बघतोय मी, एवढी वर्षं दिली त्यांनी गिरणीला आणि आता त्यांना घरात नुसतं बसता पण येत नाय, मला तसं नाय व्हायचं. मी म्हटलं, मग दुसरं बघा. म्हणाले, दुसरं पण नको, थोडे दिवस मी नुसता राहणार.

नुसता राहणार! काय सांगू तुम्हाला ताई, माझ्या अंगाचा भडका उडाला. दारू प्यायले असते, पत्ते खेळले असते तर चाळीत कोणी काय बोललं नसतं, तसले घरोघरी होते. हे पाणी भरायचे, भांडी घासायचे, शोभा बारा वर्षांची, तिची वेणी घालायचे, गॅलरीत बसून तिच्याशी गप्पा मारायचे. आणि हसायचे. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं, आणि तेच मला बघवेना.

मी औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायला जायला लागले. घरी आले की सासऱ्यांना वाढायचे, शोभाला वाढायचे, मग ह्यांना समोर बसवून मी जेवायचे आणि टोपाच्या बुडाला लागलेलं त्यांच्यापुढे सरकवायचे. ते खायचे आणि म्हणायचे, छान झालंय. शोभा आपल्या ताटातलं द्यायला गेली तर तिच्या हातावर उलथनं मारलं मी. गॅलरीत उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचे, आमच्यात दोन बायका आहेत हो, एक कमावते. सासऱ्यांनी एकदा सगळ्या चाळीदेखत त्यांना चपलेने मारलं. हे उभेच. म्हणाले, बाबा, हात दुखेल तुमचा.

मग कोणीतरी म्हणालं, हे डोक्याचं आहे, चांगला माणूस काम सोडेल काय. सासरे आणि मी वेड्यांच्या इस्पितळात विचारायला गेलो. डॉक्टर म्हणाला, काय त्रास आहे? मी म्हटलं, काम नको म्हणतात. तो म्हणाला, मारहाण करतात का? सासरे म्हणाले, हो साहेब, अंगावर येतो. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. ती मान मी हलवली, ताई, ते लिहा तुम्ही.

ह्यांना सांगितलं, चला, आरे कॉलनीत फिरायला जाऊ. हेच किती दिवस म्हणत होते, तिकडे झाडाखाली बसू सगळे. इस्त्रीचा शर्ट घातला त्यांनी, शोभाला म्हणाले, तू शाळेतून ये, तुला पुढच्या वेळी नेतो. टॅक्सीतून उतरलो तर इस्पितळाच्या आवारात पण मोठी झाडं होती. हे वर बघत म्हणाले, चांगली जागा आहे की. मागून तिथली दोन माणसं आली आणि ह्यांना दंडाला धरलं. तेव्हा पण माझ्याकडेच बघितलं त्यांनी, मी काय तरी बोलेन म्हणून.

आठ महिने. डोक्याला शॉक दिले. तिथं पण चटया विणायला बसवायचे, जो विणेल तो लवकर बरा. मी तीनदा भेटायला गेले, तिसऱ्या वेळेला त्यांनी मला मावशी म्हटलं.

घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी आपणहून डबा मागितला. शेठने परत ठेवून घेतलं. सासऱ्यांनी चाळीत पेढे वाटले, आणि मी पण खाल्ला. सासरे आता नाहीत, मुलगा सुधारला ह्या समाधानात गेले.

हे अजून जातात. बोलत नाहीत, हसत नाहीत, जेवताना पण एक पाय खाली आपटत असतो. गेल्या दिवाळीत मी म्हटलं, अहो, आज सुट्टी आहे, बसा ना माझ्याजवळ. तर तोंड पांढरंफटक पडलं, उठले, चपला उलट्याच घातल्या. म्हणाले, मी बरा आहे, मी चाललो कामाला, डॉक्टरांना सांगू नको. कारखान्याला टाळं. बंद फाटकाशी डबा घेऊन उभे राहिले. संध्याकाळी शोभाने हाताला धरून आणलं.

शोभा माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं बरोबर आहे. आता तिच्या लग्नाचं बघतोय. दुपारी घटकाभर पडली तर तिला कोणी उठवू नये, अशी माणसं तिला मिळू देत, एवढंच देवाकडे मागते. माझ्यासाठी मागायला मला तोंड नाय.